काळात मागे नेणारा थरारपट: नियमाच्या कागदापासून शेवटच्या कटपर्यंत

काळात मागे जाण्याची गोष्ट कमी पैशांत होते, कारण यंत्राला खर्च येत नाही. एक दार पुरतं. २००४ चा अमेरिकन 'प्रायमर' अवघ्या ७,००० डॉलरमध्ये झाला होता. पैसे जातात ते दुसरीकडे: तोच प्रसंग दोनदा-तीनदा चित्रित करण्यात, एकाच नटीच्या तीन प्रती सांभाळण्यात आणि एडिटला बसल्यावर चूक सापडली म्हणून पुन्हा युनिट गोळा करण्यात. त्यामुळे काळाचा नियम पटकथेचं पहिलं पान लिहिण्याआधी ठरला पाहिजे. शूटिंगच्या रात्री किती लागणार, हे तोच नियम ठरवतो.

आकडे ताडून बघता यावेत म्हणून खाली एकच कल्पित गोष्ट शेवटपर्यंत वापरली आहे. तासगावजवळचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. शालन तिथली मॅनेजर. रात्री १०:२० ला मशीन रूमबाहेरच्या बोळात दगडू हमाल मेलेला सापडतो, कपड्यांना अमोनियाचा, म्हणजे चेंबर थंड ठेवायला वापरतात त्या वायूचा, वास. १ नंबरचा चेंबर बऱ्याच महिन्यांपासून बंद आहे. आत जाऊन त्याचं दार ओढून घेतलं की माणूस त्याच दारातून १ तास ५० मिनिटं आधीच्या वेळेत बाहेर येतो. शालन दगडूला वाचवायला दोनदा मागे जाते.

नियम आधी

वेळप्रवासाच्या गोष्टी साधारण तीन तऱ्हेच्या असतात. अटळ काळात जे घडलं ते घडलंच. मागे गेलेला माणूसही त्या घडण्यात पहिल्यापासून होता. बदलत्या काळात रेघ एकच असते, पण प्रत्येक फेरीत ती पुसून नव्याने ओढली जाते. तिसऱ्या तऱ्हेत प्रत्येक फेरीला काळाला नवा फाटा फुटतो.

फाट्यांचा काळ थरारपटाला मारक. कुठल्या तरी फाट्यावर दगडू जिवंत आहे हे एकदा कळलं की प्रेक्षक खुर्चीत मागे रेलतो. बदलता काळ मोह पाडतो, पण ९ वाजताची एक गोष्ट बदलली की त्यानंतरचं सगळं नव्याने शूट करावं लागतं. तीन बदल म्हणजे तीन वेगळ्या रात्री. अटळ काळात रात्र एकच, ती तीन जणींच्या डोळ्यांनी दिसते. पैसे मोजके असतील तर दुसरा विचार करू नका, अटळ काळ घ्या. 'सगळं ठरलेलंच असेल तर उत्कंठा कसली?' असं निर्माता हमखास विचारतो. काय घडलं ते ठरलेलं आहे. प्रेक्षकाला ते ठाऊक कुठे आहे? त्याला पहिल्या शालनने पाहिलं तेवढंच माहीत असतं.

मग एका कागदावर एकेका ओळीत उत्तरं लिहा. किती मागे जाता येतं? ठरावीक १:५०, कमी नाही, जास्त नाही. उलटसुलट आकडे असले की पटकथा लिहिणाराच गोंधळतो. अंगावरचं काय सोबत येतं? कपडे आणि मनगटी घड्याळ. परत कसं यायचं? येत नाही, ती वेळ जगून काढायची. स्वतःसमोर आलं तर? काही होत नाही, फक्त घाबरायला होतं. आठवणी बदलतात का? नाही.

यंत्र हे एखादं ठिकाण असावं, खिशातली वस्तू नसावी. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, म्हणजे १ तास ५० मिनिटांत ती जवळजवळ २ लाख किलोमीटर सरकलेली असते. खिशातल्या यंत्राने मागे गेलेला माणूस पोकळीत का पडत नाही, असा प्रश्न चौकस प्रेक्षकाला पडतोच. तेच दार त्या वेळीही तिथेच होतं म्हटल्यावर प्रश्न मिटतो, आणि दार बसवण्याच्या आधी कुणी जाऊ शकत नाही ही मर्यादाही आयती मिळते. या शास्त्राची चर्चा पात्रांच्या तोंडी मात्र घालू नका. कागद दुमडून त्यातून पेन आरपार घालणारा प्रोफेसर आता पुरे झाला. शालनने चालू घड्याळ १ नंबरच्या चेंबरमध्ये ठेवून दार ओढलं आणि ते काढून पाहिलं, एवढ्यावर भागतं. दीड मिनिटाच्या वर नको.

आणखी एक पथ्य: वस्तू कधीही पूर्ण फेऱ्यात फिरवू नका. समजा, शालनला केबिनमध्ये एक किल्ली सापडली, ती घेऊन ती मागे गेली आणि तीच किल्ली तिथे ठेवून आली. मग ती किल्ली घडवली कुणी? शिवाय प्रत्येक फेरीत ती थोडी झिजणार, म्हणजे एकाच क्षणी ती कोरीही हवी आणि झिजलेलीही. प्रत्येक वस्तूला सुरुवात आणि शेवट हवा. माहितीचा फेरा चालतो, उदाहरणार्थ दर वेळी हाताने नव्याने लिहिलेली चिठ्ठी. पण तो सबंध चित्रपटात एकदाच. मागे जाताना मोबाइल सरळ चेंबरबाहेर ठेवायला लावा. एकाच नंबरचे दोन फोन एका आवारात आले की निम्मा वेळ त्याच्या खुलाशात जातो. आमच्या गोष्टीत म्हणूनच इंटरकॉम आहे.

तक्ता

आलेख कागद घ्या. आडव्या अक्षावर भिंतीवरच्या घड्याळाची वेळ: १ सेंटिमीटर म्हणजे १० मिनिटं. ८ ते ११:३० एवढी रात्र २१ सेंटिमीटरमध्ये बसते. प्रत्येक शालनची रेघ वेगळ्या रंगात ओढा. एक्सेलमध्ये करत असाल तर ५ मिनिटांची एक ओळ, म्हणजे ४२ ओळी. शालनच्या प्रत्येक प्रतीला दोन रकाने, 'कुठे आहे' आणि 'काय माहीत आहे'. शिवाय दगडू, किल्ल्या आणि दिवे यांना एकेक रकाना. 'काय माहीत आहे' हा रकाना लोक गाळतात आणि पुढे तिथेच फसतात.

आपल्या गोष्टीतल्या मुख्य नोंदी अशा (शा-१ म्हणजे अजून मागे न गेलेली शालन, शा-२ एकदा मागे गेलेली, शा-३ दोनदा):

८:४० – शा-३ चेंबर १ मधून बाहेर.
८:५० – शा-२ चेंबर १ मधून बाहेर.
९:०० – शा-३ वजनकाट्याच्या केबिनमधून इंटरकॉमवर दगडूला सांगते: मशीन रूमकडे फिरकू नको, ३ नंबरमध्ये जाऊन पेट्या मोज, दार ओढून घे.
९:०५ – दगडू बोळात शा-१ ला ओलांडून जातो.
९:१० – शा-१ ने पाहू नये म्हणून शा-२ बोळाचा एमसीबी (वीज तोडणारं बटण) पाडते.
९:२० – शा-२ मशीन रूमला कुलूप लावते, काम झालं असं समजून काट्याच्या केबिनमध्ये लपते.
९:३० – ३ नंबरमधल्या कॉइलमधून अमोनिया गळायला लागतो.
१०:०५ – शा-३ ला संशय येतो. १०:१५ पर्यंत ती दगडूला ओढत मशीन रूमबाहेर आणते. उशीर झालेला असतो.
१०:२० – शा-१ ला तो दिसतो. १०:२५ ला ती ऑफिसमधून १०८ ला फोन लावते.
१०:३० – शा-२ चेंबर १ मध्ये शिरते. १०:४० – शा-१ शिरते.

आता उभी पट्टी ठेवून प्रत्येक वेळेला किती शालन आहेत ते मोजा. ८:४० पर्यंत एक, ८:५० पर्यंत दोन, तिथून १०:३० पर्यंत तीन, १०:४० पर्यंत दोन, त्यानंतर परत एक. शेवटी उरते ती शा-३. दुसरी पडताळणी वयाची: दोन उड्या, म्हणजे तिचं वय घड्याळापेक्षा ३ तास ४० मिनिटांनी जास्त. भिंतीवर १०:४० वाजलेले असताना तिच्या मनगटावर २:२० दिसले पाहिजेत. शा-२ चं घड्याळ कायम १:५० पुढे, शा-३ चं ३:४० पुढे. पडद्यावर कोण कोण आहे हे ओळखायची ही सगळ्यात स्वस्त खूण. हुशार प्रेक्षक ती पकडतातच, म्हणून एकही शॉट चुकता कामा नये.

तक्ता अडचणीही दाखवतो. शा-३ ९ वाजता केबिनमध्ये आहे आणि शा-२ तिथेच लपायला येते, म्हणजे शा-३ ला ९:२० च्या आत निघावं लागेल. हीच अडचण खूण म्हणून वापरा: शा-२ ला केबिनमध्ये अर्धा प्यायलेला, अजून कोमट असलेला चहा सापडतो. तसंच १०:३० ला शा-२ चेंबर १ कडे जाताना शा-१ ऑफिसच्या आत, फोनवर असायलाच हवी. तो १०८ चा फोन तक्त्यातूनच जन्माला आला.

परिणाम कसे पेरायचे

पटकथेतलं खरं कसब इथे लागतं. अनपेक्षित परिणाम हा योगायोग असू नये. शालन मागे गेली आणि नेमका ट्रक आदळला, असं केलंत तर प्रेक्षक चिडतो, आणि बरोबरच आहे. परिणाम तिने केलेल्या उपायातूनच निघाला पाहिजे, आणि तो उपाय त्या क्षणी तिच्याजवळ असलेल्या माहितीनुसार शहाणपणाचा असला पाहिजे.

शा-१ ने प्रेत मशीन रूमबाहेर पाहिलं, वास अमोनियाचा. शा-२ तिथे कुलूप लावते, हे रास्तच. तरी प्रेत तिथेच मिळतं, म्हणून शा-३ चा निष्कर्ष असा की दाराखालून गॅस आला. तेव्हा दगडूला तिथून दूर पाठवायचं. हेही रास्त. पाहिलेलं खरं होतं, काढलेला अर्थ चुकला. अटळ काळाच्या गोष्टीला लागणारं इंधन हेच.

मग यंत्रणा तपासा, कारण कोल्ड स्टोरेजमध्ये काम केलेला माणूस थिएटरात असणारच. बेदाण्याच्या चेंबरमध्ये तापमान साधारण ४ अंश असतं. तासाभरात धडधाकट माणूस त्या थंडीने मरत नाही, म्हणून मरण गॅसचं ठेवलं. अमोनिया थोडासा असला तरी नाकाला झोंबतो, म्हणजे दगडू पळणार. मग तो बाहेर का येऊ शकत नाही? अशा दारांना आतून उघडायचा खटका असतो. तो तुटलेला आणि सुतळीने बांधलेला आहे, आणि दुरुस्तीचा कागद शालनच्याच टेबलावर पडून आहे, हे तिसऱ्या प्रसंगात दिसलं पाहिजे. आत अडकलेल्यासाठी अलार्मची बेल असते. ती बोळाच्या एमसीबीवर आहे, हे वायरमन चौथ्या प्रसंगात बिलाची कटकट करता करता बोलून जातो. शालनचं लक्ष बिलाकडे, प्रेक्षकाचंही.

आता हिशेब बघा. खटका शा-१ ने दुरुस्त केला नाही, बेल शा-२ ने बंद पाडली, दगडूला आत शा-३ ने पाठवलं. तिन्हींतली एक गोष्ट जरी झाली नसती तरी तो वाचला असता. दोष अशा प्रतींमध्ये वाटून टाका. एकाच प्रतीवर सगळा आला की बाकीच्या फेऱ्या भरतीच्या वाटतात.

खुणा सहा-सातच्या वर नकोत. पहिली २५ मिनिटं फक्त शा-१ ची. त्यात दिवे जातात (ऑफिस इन्व्हर्टरवर असल्यामुळे ती 'लाईट गेली' म्हणून सोडून देते), बोळात ओढल्याच्या ओल्या रेघा दिसतात, आवक रजिस्टरात तिच्याच अक्षरातली पण तिला न आठवणारी नोंद असते, आणि ९:०५ ला दगडू जाता जाता म्हणतो, "चाललोय की मॅडम, तुम्हीच सांगितलासा न्हवं?" त्या वेळी ती व्यापाऱ्याशी फोनवर भांडत असावी. खुणेवर क्लोज-अप घेतला किंवा खाली संगीत टाकलं की ती खूण संपली. प्रत्येक खूण दुसऱ्या कामाच्या आडोशाला ठेवा.

शूटिंग

दोनदा दिसणारा प्रसंग शक्यतो दोन कॅमेऱ्यांनी एकदाच घ्या: एक शा-१ च्या बाजूने, दुसरा शा-२ च्या लपण्याच्या जागेवरून. कॅमेरा एकच असेल तर दोन्ही अँगल त्याच रात्री, लागोपाठ. संवादाचा साउंड टेक मात्र एकच ठेवा आणि दोन्ही ठिकाणी तोच वापरा. दगडूचं ते वाक्य दुसऱ्या वेळी थोडं वेगळ्या सुरात आलं तर काळ बदलला असा अर्थ प्रेक्षक काढतो, आणि अख्खा नियम कोसळतो.

एका चौकटीत दोन शालन हव्या असतील तर कॅमेरा ट्रायपॉडवर जखडा, पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा, जमिनीवर खुणा करा. फोकस, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. २४ फ्रेमवर शूट करत असाल तरी शटर १/५० च ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकतात आणि दोन अर्ध्या चौकटी जुळत नाहीत. आधी रिकामी चौकट घ्या. मग संवादाची लय जी धरते ती शालन, मग दुसरी, पहिलीचा आवाज कानातल्या इअरपीसवर ऐकत. दोन अर्ध्या चौकटी जिथे जुळवायच्या ती जोडाची रेघ खांब किंवा दाराच्या चौकटीवरून न्या. ती रेघ माणसाने ओलांडायची नाही, सावलीनेही नाही. सावल्या बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत, त्या एडिटला सापडतात. असे शॉट सबंध चित्रपटात चार-पाच पुरे. बाकी ठिकाणी तिच्या उंचीची, तशीच वेणी घातलेली दुसरी मुलगी पाठमोरी उभी करा. नजरेच्या उंचीवर स्टँडला टेप लावला की नटीची दृष्टी चुकत नाही.

कपडा एकाच ताग्यातून शिवून घ्या, किमान चार जोड: शा-१ चा स्वच्छ, शा-२ चा बाहीवर धूळ-ग्रीस लागलेला, शा-३ चा ओला आणि मळलेला, आणि एक राखीव. शूटिंगचा क्रम जागेनुसार लावा, पण एका जागेवर कायम स्वच्छ ते मळलेलं असाच. ९:१० ला एमसीबी पाडताना शा-२ चा तळहात कापला असेल, तर ती जखम शा-३ च्या हातावर पहिल्या फ्रेमपासून, सुकलेली, हवी. शा-३ घड्याळाप्रमाणे आधी येते आणि जखम आधीच जुनी असते, हे मेकअपच्या माणसाला तक्ता समोर धरून समजावा. टप्प्याटप्प्याचे फोटो वेळेसकट भिंतीवर चिकटवा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढा, काटे शॉटनुसार लावा, सेकंदकाटा उपटून टाका. क्लॅपवर प्रसंगाच्या आकड्यासोबत कोणती शालन आणि गोष्टीतली वेळ लिहा: '३४ / शा-२ / ९:१०'.

चालू अमोनिया चेंबरमध्ये शूटिंग करू नका. बंद केलेला चेंबर मागा, प्लँट ऑपरेटर हजर ठेवा, आतला खटका रोज तपासा आणि दाराबाहेर एक माणूस सतत बसवा. बेदाण्याची आवक उन्हाळ्यात असते, तेव्हा मालक जागा देणार नाही, पावसाळ्यानंतर विचारा. दुसऱ्या, थंड चेंबरमधला एखादा शॉट हवाच असेल तर कॅमेरा बाहेर आणण्याआधी आतच प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. नाहीतर लेन्सवर दव धरतं. थंडीत बॅटऱ्याही लवकर उतरतात, त्या खिशात ठेवा.

वर्षांत मागे जायचं असेल तर

तासांऐवजी वर्षं घेतलीत तर खर्च आणि चुका दोन्ही वाढतात. सगळ्यात जास्त चुका पैशांत होतात. ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं, गांधीजींच्या मालिकेतल्या नोटा १९९६ पासूनच्या, २,००० ची नोट नोव्हेंबर २०१६ ची. आजचा माणूस २००५ मध्ये जाऊन वडापावच्या गाडीवर आजची ५०० ची नोट काढतो, हा उत्तम अनपेक्षित परिणाम आहे, पण तो जाणूनबुजून वापरा. बॉम्बेचं अधिकृत मुंबई १९९५ मध्ये झालं, देशातला पहिला मोबाइल कॉलही त्याच वर्षीचा. दुकानांच्या पाट्या आणि फोन नंबर या तारखांशी ताडून घ्या. पानशेत (१२ जुलै १९६१), किल्लारी (३० सप्टेंबर १९९३), २६ जुलै २००५ चा पाऊस अशा तारखांकडे लेखक ओढले जातात. नायक तिथे असू द्या, पण त्या आपत्तीचं कारण त्याच्या माथी मारू नका. माणसं गेलेली घरं अजून आहेत, आणि त्या प्रसंगांची खरी कारणं नोंदलेली आहेत.

एडिट

पहिला कट गोष्टीच्या क्रमाने लावू नका. टाइमलाइनवर तीन व्हिडिओ ट्रॅक घ्या, एकेका शालनचा, आणि सगळे शॉट भिंतीवरच्या घड्याळानुसार एकाखाली एक मांडा. हा कट कुणाला दाखवायचा नसतो. ९:०५ ला दगडू एका ट्रॅकवर डावीकडे आणि दुसऱ्यावर उजवीकडे जाताना दिसला तर तो इथेच सापडतो. चूक सापडली की आधी बघा, पाठमोऱ्या शॉटवर नवा संवाद टाकून ती झाकता येते का. बहुतेक वेळा येते.

त्यानंतर गोष्टीचा कट लावा आणि काहीच माहीत नसलेल्या पाच-सहा जणांना दाखवा. ४० मिनिटांनी थांबवून एकच प्रश्न विचारा: आत्ता आवारात किती शालन आहेत? 'दोन' आणि 'तीन' अशी उत्तरं आली आणि ती वाद घालू लागली, तर कट ठीक आहे. 'कळलं नाही' असं दोघांनी जरी म्हटलं, तर शा-२ चं घड्याळ पहिल्यांदा जिथे दिसतं तो शॉट दीड सेकंदाने लांबवा. खुलाशाचा संवाद वाढवू नका. एखाद्याने दगडूचं वाक्य पहिल्याच वेळी पकडलं, तर त्या प्रसंगात व्यापाऱ्याचा आवाज थोडा वर घ्या.